भोसरीतलं नोटपॅड आणि न उघडणारी मराठी

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये डोकावा. शेडच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियम पार्टिशनची केबिन, त्यात कूलंटच्या हातांनी काळा पडलेला कीबोर्ड, आणि स्क्रीनवर साधं पांढरं पान. त्यावर ओळींखाली ओळी: जी झिरो, जी वन, एक्स, झेड आणि आकडे. व्हीएमसी असो की टर्निंग सेंटर, कुठे जायचं, किती कापायचं, कूलंट कधी सोडायचं, हे मशीनला ह्या पानावरून कळतं. लाखो रुपयांचं मशीन ज्या मजकुरावर चालतं, तो मजकूर लिहिला जातो फुकटातल्या नोटपॅडमध्ये.

ह्या कामात माझी तीस वर्षं गेली. सेटर म्हणून लागलो, प्रोग्रामर म्हणून निवृत्त झालो. आता गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, काही पोरांना प्रोग्रामिंग शिकवतो. पहिल्या दिवशी प्रश्न ठरलेला असतो: "सर, एडिटर कुठला टाकू?" नाव सांगायला दोन सेकंद लागतात. पण तेच नाव का, हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागतो, आणि त्यातला बराचसा आपल्या पुण्यात घडलेला आहे. त्याचा संबंध तुमच्या सोसायटीच्या कपाटाशीही आहे, म्हणून ही पोस्ट सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी एक फरक समजून घेऊ. वर्ड किंवा पेजमेकर हे कागद डोळ्यांपुढे ठेवून बनलेले आहेत. अक्षर ठळक, समास एवढा, फॉन्ट अमुक, अशी सगळी सजावट ते मजकुराबरोबरच फाइलीत कोंबतात. टेक्स्ट एडिटर तसलं काही करत नाही. तुम्ही जे अक्षर दाबलं त्याचा ठरलेला नंबर फाइलीत जातो, बस्स. मशीनला सजावट कळत नाही, म्हणून मशीनचे प्रोग्राम एडिटरमध्ये लिहायचे. कोणी हौसेनं वर्डमध्ये टाइप करून तीच फाइल मशीनला पाठवली, तर कंट्रोल अलार्म देऊन गप्प बसतो.

ही मशीनची भाषा कागदी पट्टीवर जन्मली. एक इंच रुंदीची पट्टी, तिला आडवी भोकं, आणि भोकांच्या प्रत्येक ओळीचं एक अक्षर. आजही फानुकचा प्रोग्राम टक्क्याच्या चिन्हानं सुरू होतो. नव्या पोरांना वाटतं हे काहीतरी गणित आहे. गणित नाही, पट्टी गुंडाळताना कुठे थांबायचं त्याची ती खूण. प्रोग्रामच्या शेवटी आपण एम 30 लिहितो, त्याचा मूळ अर्थही 'संपलं, पट्टी मागे गुंडाळ' असाच. पट्ट्या जाऊन जमाना झाला, पण खुणा राहिल्या. अमेरिकेत ह्या भाषेचं आरएस-274-डी हे प्रमाण 1980 मध्ये पक्कं झालं. त्याखालची अक्षरं त्याहून जुनी, 1963 च्या आस्की प्रमाणातली. जागा फक्त 128, पण त्यातली कुठली जागा कुठल्या अक्षराची हे सगळ्या जगाला मान्य.

ह्याचा फायदा काय, ते ऐका. माझ्याकडे 1994 सालचा एका बुशचा प्रोग्राम आहे. तो डॉसवरच्या निळ्या पडद्याच्या 'एडिट'मध्ये लिहिला होता आणि आरएस-232 च्या केबलनं मशीनला पाजला होता. फ्लॉपीवरून तो हार्ड डिस्कवर गेला, तिथून सीडीवर, मग पेनड्राइव्हवर. परवा नव्या लॅपटॉपवर उघडला. एक टिंब हललेलं नाही. ते कंट्रोल बनवणाऱ्यांनी त्यानंतर किती मॉडेलं काढली आणि बंद केली, विंडोजच्या किती आवृत्त्या आल्या आणि गेल्या! त्या फाइलीला त्याचं काही सोयरसुतक नाही.

आता त्याच काळातली मराठी घ्या.

त्याआधी सगळं टाइपरायटरवर होतं. गोदरेजनं 1955 मध्ये देशी टाइपरायटर बाजारात आणला. शेवटी शेवटी त्यांचा टाइपरायटरचा कारखाना आपल्या शिरवळला होता आणि 2009 च्या सुमारास तिथलं उत्पादन थांबलं. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली 1970 मध्ये, महापालिका 1982 मध्ये. त्या सगळ्या काळातले ठराव, नोटिसा, अर्ज टाइपरायटरच्या फितीतून उमटलेले. कागद पिवळा पडेल, पण वाचता येतो. टाइपरायटर मोडीत गेला म्हणून त्याच्यावर टाइप केलेलं पत्र वाचता येईना, असं कधी झालं नाही.

मग कॉम्प्युटर आला. इथे पुण्याचं नाव अभिमानानं घ्यायला हवं. भारतीय लिप्या संगणकावर चालवण्याचं जिस्ट नावाचं तंत्र आयआयटी कानपूरला तयार झालं. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि मोहन तांबे यांच्याबरोबर हे काम इकडे आलं. कॉम्प्युटरच्या आत एक जिस्ट कार्ड बसवायचं, की डॉसवरचं वर्डस्टार मराठी बोलू लागायचं. ह्या कामामागचा विचार फार मोलाचा होता. देवनागरी, बंगाली, तमिळ दिसायला वेगळ्या असल्या तरी वर्णमालेची रचना एकच. मग प्रत्येक वर्णाला एक नंबर द्यायचा, आणि तो कागदावर कसा दिसेल, जोडाक्षर कसं जुळेल, हे मशीनवर सोपवायचं. हेच 1991 मध्ये इस्की ह्या नावानं भारतीय मानक झालं. म्हणजे इंग्रजीला जसं आस्की, तसं आपल्याला इस्की. 1991 साली आपल्याकडे उत्तर तयार होतं, आणि तेही गणेशखिंडीत!

पण नव्वदच्या दशकात विंडोज आलं आणि गाडी रुळावरून घसरली. त्या वेळच्या विंडोजला भारतीय लिपी येतच नव्हती. त्याला एवढंच माहीत होतं, की फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 256 खाने आणि प्रत्येक खान्यात एक चित्र. मग फॉन्टवाल्यांनी शक्कल काढली. इंग्रजी अक्षरांच्या खान्यांत देवनागरीचे तुकडे भरले: एका खान्यात काना, एकात अर्धा 'स', एकात रफार, एकात पोटफोड्या 'ष'. पडद्यावर आणि छापल्यावर सुंदर मराठी दिसायची. फाइलीत मात्र मराठी नव्हतीच. फाइलीत होते इंग्रजी अक्षरांचे नंबर, आणि त्यांना मराठीचं रूप देणारा फॉन्ट त्या एका कॉम्प्युटरवर. त्यात प्रत्येक कंपनीची खान्यांची मांडणी निराळी. पुण्यातल्या मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती, आणि खुद्द सी-डॅकच्या आयएसएमचे फॉन्ट, प्रत्येकाचा नकाशा वेगळा. एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टात उघडली की नुसता गिचमिडकाला.

त्या कंपन्यांना शिव्या घालायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. त्यांनी तेव्हा फॉन्ट केले नसते तर मराठी वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं ह्यांतलं काहीच कॉम्प्युटरवर आलं नसतं. चिंचवड स्टेशनपासून पिंपरी कॅम्पापर्यंत जी डीटीपीची दुकानं निघाली, त्यांवर कितीतरी घरं चालली. गिऱ्हाइकाला हवा होता छापलेला कागद, तो त्यांनी चोख दिला. माझं म्हणणं पैसे देणाऱ्यांबद्दल आहे. सरकारी कार्यालयं, बँका, संस्था वर्षानुवर्षं लायसन्स विकत घेत राहिल्या आणि ह्यांच्यातल्या फारशा कोणी विचारलं नाही, की बाबा, ही फाइल वीस वर्षांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडेल का? प्रमाण होतं, राष्ट्रीय मानक म्हणून छापलेलंही होतं. ते मागितलं नाही. आपल्या एमआयडीसीत एखाद्या वेंडरनं स्वतःच्या मापाचे नटबोल्ट पुरवले असते तर पहिल्याच लॉटला रिजेक्शन आलं असतं.

पुढे युनिकोड आला आणि हळूहळू सुटका झाली. युनिकोडची पहिली आवृत्तीही 1991 चीच, आणि त्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या 1988 च्या मसुद्यावरून घेतलेला. म्हणजे आपलाच शहाणपणा आपल्याकडे अमेरिकेहून परत आला. विंडोज 2000 मध्ये देवनागरी पहिल्यांदा रीतसर चालू लागली. एक्सपीमध्ये ती होती, पण मूळ सीडी टाकून एक खूण केल्याशिवाय दिसायची नाही (किती जणांना आठवतंय?). त्यासोबतचा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींचा, आपल्याच मराठी सुलेखनकाराचा. तरीही मराठीपणाचे काही कंगोरे राहिलेच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं 2008 मध्ये. आणि तो आपला खास अर्धा ऱ्! 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' ह्यांत पैसे कुणाच्या खिशात गेले, ते त्या एका अक्षरावर ठरतं. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून काढताना गळपटतं ते नेमकं हेच.

आता ह्या सगळ्यात नोटपॅडचं काय? तेही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. विंडोजच्या 1985 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून ते सोबत आहे, पण जुन्या नोटपॅडमध्ये मराठी टाइप करून नुसतं सेव्ह केलं, तर एन्कोडिंग 'अँसी' असायचं. मध्ये एक इशारा यायचा, इंग्रजीत. लोक ओके दाबून मोकळे. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. अक्षरं लपलेली नसायची, ती गेलेली असायची, कायमची. खाली यूटीएफ-8 निवडलं की सगळं सुरक्षित, पण हे सांगणार कोण? मायक्रोसॉफ्टनं नोटपॅडमध्ये यूटीएफ-8 हाच मूळ पर्याय केला तो 2019 मध्ये. ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्यांनी 1992 मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली होती. खाणावळीतून आपल्या नोटपॅडपर्यंत यायला तिला सत्तावीस वर्षं लागली.

मशीन शॉपमधली अडचण वेगळी होती. कंट्रोलमधून बाहेर काढलेल्या प्रोग्राममध्ये ओळ संपल्याची खूण विंडोजसारखी नसते. त्यामुळे 2018 पर्यंत असा प्रोग्राम नोटपॅडमध्ये उघडला, की सगळ्या ओळी एकाच लांबलचक ओळीत चिकटलेल्या दिसायच्या. तेव्हा बऱ्याच शॉपमध्ये नोटपॅड प्लस प्लस शिरलं. डॉन हो ह्यांनी 2003 मध्ये काढलेला, मोफत, सोर्स कोड खुला असलेला एडिटर. तो कुठल्याही ओळीची खूण ओळखतो, आणि जोडून घेतलेल्या एका सोयीमुळे दोन फाइली शेजारी ठेवून फरक रंगात दाखवतो. ही सोय म्हणजे चैन वाटेल. तसं नाही. फानुकच्या कंट्रोलवर, सेटिंग तसं असेल तर, 'एक्स 50' पुढे टिंब दिलं तर 50 मिलिमीटर आणि विसरलं तर 50 मायक्रॉन. एका टिंबापायी टूल जॉबमध्ये घुसतं. रात्रपाळीच्या ऑपरेटरनं प्रोग्राममध्ये काय बदललं हे सकाळी तीनशे ओळी वाचून कळत नाही. दोन फाइली शेजारी ठेवल्या की क्षणात दिसतं.

तर पोरांच्या प्रश्नाकडे येतो. एडिटर 'चांगला सांभाळलेला' म्हणजे काय? मोठ्या कंपनीचा असला की झालं, असं वाटतं ना? गिटहबनं ॲटम नावाचा देखणा एडिटर काढला होता, त्यावर अख्खी पिढी शिकली. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टनं गिटहब विकत घेतलं. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा व्हीएस कोड होताच. 15 डिसेंबर 2022 ला ॲटम बंद. विंडोज 95 पासून प्रत्येक कॉम्प्युटरवर असलेलं वर्डपॅड 2024 मध्ये विंडोज 11 मधून काढून टाकलं. विचारलं कोणाला?

उलट बाजूला विम बघा. ब्राम मोलेनार ह्या डच माणसानं 1991 मध्ये तो पहिल्यांदा लोकांना दिला आणि बत्तीस वर्षं सांभाळला. पैसे मागितले नाहीत. द्यायचेच असतील तर युगांडातल्या मुलांना द्या, एवढंच म्हणाला. 3 ऑगस्ट 2023 ला तो गेला. एका माणसाच्या जिवावर चाललेली गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण कोड खुला होता, बरोबर काम करणारी माणसं तयार होती. त्यांनी जानेवारी 2024 मध्ये पुढची आवृत्ती काढली आणि त्यालाच अर्पण केली. (विम शिकायला मी पोरांना सांगत नाही. टर्मिनलमध्ये देवनागरी अजूनही अडखळते, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे शोधण्यातच अर्धी शिफ्ट जाते.)

खुला कोड म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. नोटपॅड प्लस प्लसचंच घ्या. जून 2025 पासून काही महिने त्याच्या वेबसाइटच्या होस्टिंगमध्ये हल्लेखोर शिरले होते आणि काही निवडक वापरकर्त्यांना अपडेटच्या नावाखाली दुसरीच फाइल जात होती. एडिटरच्या मूळ कोडला धक्का नव्हता, फाइल पोचवण्याच्या वाटेत दरोडा पडला. डिसेंबरमधल्या 8.8.9 आवृत्तीपासून उतरवलेल्या अपडेटची सही तपासूनच ते बसवलं जातं, आणि फेब्रुवारी 2026 मध्ये लेखकानं सगळा प्रकार स्वतः जाहीर केला, होस्टिंग बदललं. ही बातमी वाचून एका पोरानं विचारलं, मग काढून टाकू का? मी म्हटलं, जुनी आवृत्ती असेल तर आधी मूळ साइटवरून नवी घे. सांभाळणारा कोणीतरी आहे, हे असंच कळतं. भोक पडलं, त्यानं सांगितलं, बुजवलं. ज्या एडिटरची शेवटची आवृत्ती पाच वर्षांपूर्वीची आहे त्यात भोक नाही असं थोडंच आहे? त्याबद्दल सांगायला कोणी उरलेलं नाही, एवढंच.

नोटपॅडही आता बदलतंय. त्यात ठळक-तिरपं आलं, एआयकडून मजकूर पुन्हा लिहून घ्यायचं बटण आलं. घरी वापरा, मजा आहे. पण चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट देणाऱ्या शॉपमध्ये गिऱ्हाइकाशी गुप्ततेचा करार असतो. तिथे प्रोग्राम लिहायच्या खिडकीत असलं बटण मला नको. सेटिंगमधून बंद करता येतं, करा.

म्हणून मी सांगतो ते असं. शॉपमध्ये विंडोज असेल तर नोटपॅड प्लस प्लस, अपडेट केलेलं. लिनक्स असेल तर केट. मराठी नोंदी, पत्त्यांच्या याद्या, सभेची टिपणं ह्यांपैकीच कशातही, पण युनिकोडमध्ये आणि यूटीएफ-8 म्हणून सेव्ह केलेलं. सजवून छापायचं तेव्हा लिब्रे ऑफिसमध्ये किंवा वर्डमध्ये नेऊन छापा, आणि साध्या मजकुराची प्रत वेगळी ठेवा. आणि एडिटर टाकण्याआधी दोन मिनिटं काढून बघा: शेवटची आवृत्ती कधी आली, तक्रारींना कोणी उत्तर देतंय का, आणि हा एडिटर उद्या मेला तर माझी फाइल दुसऱ्यात उघडेल का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर पहिली दोन चुकली तरी चालतं.

आता सोसायटीच्या कपाटाचं. आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. स्टिल्टमधलं पार्किंग कुणाला, कधी, कुठल्या ठरावानं दिलं, यावर दोन गट पडलेत, आणि प्रकरण उपनिबंधकांपर्यंत जायच्या बेतात आहे. 1996 ते 2003 ची इतिवृत्तं तेव्हाच्या सचिवांनी चिंचवडच्या एका दुकानात टाइप करून घेतली होती. कागदाच्या गठ्ठ्याला वाळवी लागली. सीडी शाबूत आहे, फाइली कॉपी होतात. पण त्या पेजमेकरच्या आहेत, फॉन्ट जुना, दुकान बंद, दुकानदार गावी. एकूण चाळीस फाइली. वेगवेगळे कन्व्हर्टर लावून, एकेक ओळ तपासून सव्वीस सोडवल्या. 'कार्यकारिणी' कुठे 'कायकारिणी' झाली, आकडे मात्र बरोबर निघाले. उरलेल्या चौदांमध्ये 1998 आणि 1999 च्या सर्वसाधारण सभा आहेत, नेमक्या पार्किंगच्या. त्यांचा फॉन्ट कुठल्याच नकाशात बसत नाही.

शहरात त्या काळात डीटीपी करणारी बरीच मंडळी ही पोस्ट वाचत असतील. कोणाच्या माळ्यावर 1997-98 च्या सुमाराची मराठी फॉन्टची सीडी, प्रिंटरच्या पोर्टाला लावायच्या डोंगलसकट, पडून असेल तर मेसेज करा. कंपनी कुठलीही चालेल. जुन्या पोर्टाचा, विंडोज 98 चालणारा एक कॉम्प्युटर मी कासारवाडीच्या भंगारवाल्याकडून मिळवून ठेवलाय. रविवारी येऊन घेऊन जाईन, आठवड्यात परत आणून देईन.